टोपण

गेटवर नवा बोर्ड लागलाय, रंग अजून ओला.
पाणी, सरबत, सोडा, ताक, काहीही आत न्यायचं नाही.
खाली खडूनं कुणीतरी विचारलंय,
'मग लस्सी चालंल का?'

एप्रिलचं ऊन. चारची मॅच.
होमगार्ड इंदुमती चौगले एकेकाची पिशवी हुंगतात,
आणि त्यांच्यामागं भिंतीलगत
बाटल्यांची एक वेगळीच गॅलरी भरत चाललीय,
सगळ्या उभ्या, सगळ्या भरलेल्या, गप.

सर्जेरावनं दोन लिटर तिथंच उभ्यानं रिचवलं.
'ह्या पाण्याला मी कुणाच्या हाती देत न्हाई.'
पहिल्या दहा मिनिटांत तो चारदा मुतारीला गेला,
आमचा गोल झाला तेव्हाही तिथंच होता.

दूधकट्ट्यावरनं थेट आलेला एक पैलवान
किटली छातीशी धरून भांडत होता:
'दूध हे पेय न्हवं बाई, खुराक हाय.'

बुधल्यांच्या पोरानं टॉवेल भिजवून गळ्यात घातला,
आत जाऊन पिळला, तिघांत वाटला.
खारट होतं म्हणाला. साबणाचं पण.

मग आलं कलिंगड.
कलिंगड खायचं की प्यायचं
यावर रांग अर्धा तास अडली,
दोन्ही पेठांची माणसं पहिल्यांदाच एका बाजूनं बोलली,
आणि चौगलेबाई म्हणाल्या,
'कापून न्या. अख्खं फेकता येतंय.'

फेकता येतंय.
तिथं मी खाली बघितलं.

मागल्या सिझनची फायनल, ऐंशीवं मिनिट, ऑफसाइडचा झेंडा.
उत्तरेच्या गॅलरीतनं एक बाटली निघाली,
निम्मी भरलेली, टोपण घट्ट,
आणि लाइन्समनच्या कानामागं बसली.
तीन टाके.
तालमीत कुणी नाव घेतलं नाही. घेणार कोण?
डाव्या-उजव्या दोघांनी बघितलं होतं,
दोघंही माझ्याच गल्लीतले.
हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

आज सगळं स्टेडियम सुकलंय ते माझ्या हातानं.

शेजारी अंतूतात्या, एकेकाळचे आमचे लेफ्ट बॅक.
साडेचारची गोळी तळहातावर घेऊन बसलेत,
तुळशीचं पान धरावं तशी.
आतल्या टाकीचा नळ नुसता फुसफुसतोय.
'राहू दे रे, हाफटायमाला बघू.'
जीभ ओठावरनं फिरते, ओठ ओले होत नाहीत.
गोळीचा गुलाबी रंग त्यांच्या घामाला लागलाय.

अख्ख्या मैदानात एकच बाटली,
पलीकडच्या पेठेच्या गोलकीपरची, खांबाच्या बुडाशी.
आम्ही सगळे बॉल सोडून तिच्याकडं बघत होतो.
मी जाळीपाशी गेलो. त्याला शिव्या देत आलेला मीच,
गेली चार वर्षं, आईपासनं सुरुवात करून.
म्हटलं, 'भावा, म्हाताऱ्याला गोळी घ्यायचीय.'
त्यानं माझं तोंड ओळखलं.
थुंकला. मग बॉल कुठं आहे ते बघितलं,
आणि बाटली जाळीवरनं भिरकावली,
खालून, लहान पोराला देतात तशी.

तात्यांनी गोळी घेतली, दोन घोट जास्तच घेतले.
उरलेलं पाणी पाच जणांत फिरलं.
रिकामी बाटली परत माझ्याकडं आली.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी. आमच्या विरुद्ध.
पेनल्टी नव्हती ती, आजही सांगतो, नव्हती.
सगळी गॅलरी उठली, आणि सगळ्या गॅलरीत
हात रिकामा नसलेला मी एकटा.
हलकी होती. वाऱ्यानं वळली असती.
टोपण मी लावत होतो, काढत होतो,
लावत होतो.

हरलो.

बाहेर पडताना चौगलेबाईंनी काठी आडवी घातली.
'ही आत कशी आली?'
मागं रांग थांबली. तात्या खोकले.
मी बाटलीकडं बघितलं,
जणू मलाही तेच विचारायचं होतं.